विषाणूनेच जागं केलेलं औषध

नागीण उठली की घरात पहिली धास्ती विळख्याची. दोन टोकं जुळली तर माणूस वाचत नाही, हे आपण आजीपणजीपासून ऐकत आलोय. प्रत्यक्षात नागीण सहसा शरीराच्या मध्यरेषेशीच थांबते. लहानपणी कांजिण्या आणणारा विषाणू कण्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींत वर्षानुवर्षं निपचित पडून असतो. उठतो तेव्हा बहुधा एका अंगाच्या एकाच मज्जातंतूच्या वाटेने कातडीपर्यंत येतो. म्हणून आधी आग आणि ठणका, मग एकाच बाजूला फोडांचा पट्टा.

त्याला गाठायचं कसं? तो आपल्याच पेशीत शिरून वाढतो. त्याला मारायला जावं तर पेशीलाच इजा व्हायची भीती. 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या बरोज वेलकम कंपनीत हॉवर्ड शेफर, गर्ट्रूड एलियन आणि सहकाऱ्यांनी ॲसायक्लोव्हिर पुढे आणलं. त्याची करामत थक्क करणारी आहे. गोळीतलं औषध पोटात जातं तेव्हा निष्क्रिय असतं. निरोगी पेशीत ते जवळपास तसंच राहतं. बाधित पेशीत मात्र विषाणूचं स्वतःचं विकर, थायमिडिन कायनेज, त्याला फॉस्फेटचा पहिला तुकडा जोडतं. पुढचे दोन पेशी जोडते. शत्रूच शस्त्राला धार लावतो! मग विषाणू आपल्या डीएनएची नक्कल करताना हाच रेणू साखळीत ओवतो. हा रेणू म्हणजे मागची कडीच नसलेला रेल्वेचा डबा: त्याच्यामागे काही जोडताच येत नाही. नक्कल तिथेच खुंटते. एलियन यांना 1988 चं नोबेल मिळालं. नियमित अभ्यासक्रमातून मिळवलेली पीएचडी त्यांच्याकडे नव्हती.

डॉक्टरांची घाईची सूचना याच करामतीतून निघते. औषध चालतं ते वाढणाऱ्या विषाणूवर. झोपलेल्याला ते शिवतही नाही. म्हणून पुरळ दिसल्यापासून 72 तासांच्या आत सुरू करणं उत्तम, आणि म्हणूनच हा विषाणू पुन्हा उठू शकतो. गेरू लावण्यात आणि मंत्र घालण्यात जातात ते नेमके हेच तीन दिवस.

ॲसायक्लोव्हिरचा जेमतेम पाचवा हिस्सा आतड्यातून रक्तात पोहोचतो आणि निरोगी माणसात तीनेक तासांत त्यातलंही निम्मंच उरतं. म्हणून नागिणीसाठी मोठ्यांना साधारण 800 मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात दिवस. याच औषधाचं दुसरं रूप, व्हॅलासायक्लोव्हिर, जास्त शोषलं जातं, त्यामुळे ते दिवसातून तीन वेळा पुरतं. फोड सुकायला लागले म्हणून गोळ्या मध्येच सोडू नयेत. एखादी चुकली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नयेत.

खरी सावधगिरी किडनीची. औषध बाहेर पडतं ते लघवीवाटे. पाणी कमी पडलं तर त्याचे स्फटिक किडनीच्या सूक्ष्म नळ्यांत अडकू शकतात. किडनी जवळजवळ बंद असेल, तर निम्मं व्हायला तीनऐवजी वीसेक तास लागतात. म्हणून भरपूर पाणी प्या. डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलं असेल तर आधी त्यांना विचारा. किडनीचा आजार, वाढलेलं क्रिएटिनिन, गरोदरपण, रोजच्या वेदनाशामक गोळ्या, हे सगळं पहिल्याच भेटीत सांगा. डोस त्यावर ठरतो. गोळ्या चालू असताना आजोबा असंबद्ध बोलू लागले, नसलेलं दिसू लागलं, तर वयावर ढकलू नका. लगेच डॉक्टरांना कळवा. आणि फोड कपाळावर, डोळ्याभोवती किंवा नाकाच्या शेंड्यावर आले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. तिथे प्रश्न दृष्टीचा असतो.