लकव्यानंतर ‘थोडे चालतात’ म्हणजे नेमके किती?

लकवा मारलेला माणूस दवाखान्यातून घरी आला की सगळे विचारतात, “आता कसे आहे?” घरचे सांगतात, “बरे आहे, थोडे चालतात.” थोडे म्हणजे किती? भिंत धरून की माणसाला धरून? दारापर्यंत की संडासापर्यंत? पुढचा व्यायाम, घरातली सोय आणि कामधंदा सोडून घरी कोणी थांबायचे, हे सगळे या उत्तरावर ठरते. म्हणून ते मोजावे लागते.

हाताची ताकद किती, ही एक गोष्ट. त्या हाताने घास तोंडापर्यंत जातो का, ही दुसरी. या दुसऱ्या गोष्टीत जी अडचण येते तिला कार्यात्मक अपंगत्व म्हणतात. ते मोजण्यासाठी जगभर वापरली जाणारी एक पद्धत म्हणजे बार्थेल निर्देशांक. अमेरिकेतील मेरीलँडमध्ये डॉ. फ्लोरेन्स महोनी आणि फिजिओथेरपिस्ट डोरोथिया बार्थेल यांनी तो १९६५ मध्ये प्रसिद्ध केला.

त्यात रोजच्या दहा गोष्टी आहेत: जेवण, अंघोळ, तोंड धुणे-केस विंचरणे, कपडे घालणे, शौचावर ताबा, लघवीवर ताबा, संडासाचा वापर, पलंगावरून खुर्चीवर बसणे, चालणे आणि जिना चढणे. अंघोळ आणि तोंड धुणे यांना जास्तीत जास्त ५ गुण, चालणे आणि खुर्चीवर बसणे यांना १५, बाकीच्यांना १०. एकूण १००. स्वतःच्या हाताने जेवले तर १०, भाकरी मोडून द्यावी लागली तर ५, पूर्ण भरवावे लागले तर ०.

नियम एकच, पण महत्त्वाचा: माणूस काय करू शकेल ते नाही, रोज प्रत्यक्ष काय करतो ते लिहायचे. पडू नये म्हणून कोणाला शेजारी उभे राहावे लागत असेल, तर तो स्वावलंबी धरायचा नाही.

मी भेट देत असलेल्या एका घरातील काकांचे गुण दोन महिन्यांत ४५ वरून ६५ झाले. संडासाचे गुण मात्र ५ वरच अडले. वस्तीतील सार्वजनिक संडास दोन पायऱ्या वर, बसायला उकिडवे आणि धरायला दांडी नाही. पाय सुधारला होता, संडास तसाच होता. काकांना नेण्यासाठी काकूंनी सकाळची धुणीभांड्याची कामे सोडली होती. घरात कमोड खुर्ची आली, गुण १० झाले आणि काकू दोन घरी पुन्हा कामाला जाऊ लागल्या. एका माणसाच्या अपंगत्वाचा भार बहुतेक वेळा घरातल्या बाईच्या श्रमावर पडतो. कागदावर मांडला नाही तर तो कोणालाच दिसत नाही.

या मोजमापाला मर्यादाही आहेत. बोलणे, स्मरण, मनाची उदासी यात येत नाही. १०० गुण मिळालेल्या माणसालाही बोलता येत नसेल, एकटे राहणे जमत नसेल. त्यामुळे डॉक्टर सुधारित रँकिन श्रेणीही वापरतात. तिचा पाया ग्लासगोच्या डॉ. जॉन रँकिन यांनी १९५७ मध्ये घातला. त्यात ० म्हणजे काहीच लक्षण नाही, ५ म्हणजे अंथरुणाला खिळलेला आणि ६ म्हणजे मृत्यू.

कार्यकर्त्यांनी एक गल्लत टाळावी. बार्थेलचे ६० गुण म्हणजे ४० टक्के दिव्यांगत्व, असे गणित नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार अनेक सवलतींसाठी किमान ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र लागते. ते टक्के शासनाच्या वेगळ्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्राधिकृत वैद्यकीय अधिकारीच ठरवतात. बार्थेलचा कागद त्याची जागा घेत नाही.

मग आपण काय करायचे? विहारातल्या शिबिरात आपण रक्तदाब तपासतो, ते चांगलेच आहे, कारण वाढलेला रक्तदाब हे लकव्याचे मोठे कारण आहे. पण ज्याला लकवा येऊन गेला, त्याच्या घरीही जाऊया. दहा प्रश्नांचा कागद करून महिन्याला एकदा तारीख घालून भरूया आणि तो फिजिओथेरपिस्टला दाखवूया. गुण वाढत नसतील तर अडचण शरीरात आहे की घरात, हे विचारूया. आणि काल जमत होते ते आज अचानक जमेनासे झाले, तर कागद बाजूला ठेवून ताबडतोब रुग्णालय गाठायचे.