'नाहीसा झाला' आणि 'नाहीसा केला' : एका न्यायलढ्याचे भाषिक स्वरूप

सक्तीने बेपत्ता करणे या कृत्याची व्याख्या संयुक्त राष्ट्रांच्या २० डिसेंबर २००६ च्या आंतरराष्ट्रीय करारात आढळते. राज्यसंस्थेच्या प्रतिनिधींनी अथवा त्यांच्या संमतीने कोणी व्यक्तीला ताब्यात घेणे, नंतर ते नाकारणे वा तिचा ठावठिकाणा लपविणे आणि परिणामी तिला कायद्याच्या संरक्षणाबाहेर ढकलणे, असे तिचे घटक आहेत. भारताने २००७ मध्ये या करारावर स्वाक्षरी केली. मात्र अनुसमर्थन केलेले नाही.

या व्याख्येतील 'नाकारणे' हा घटक साहित्याच्या अभ्यासकासाठी विशेष महत्त्वाचा आहे, कारण नाकार हा भाषेतच घडतो. अर्जेंटिनातील लष्करी राजवटीत (१९७६-८३) 'नाहीसे होणे' या अर्थाचे अकर्मक स्पॅनिश क्रियापद नाहीसे केल्या गेलेल्यांसाठी रूढ झाले. मराठीत 'होणे' आणि 'करणे' हा भेद सहज उपलब्ध आहे. तरीही शासकीय नोंदींतील 'बेपत्ता' हा शब्द कर्ता लपवितो. 'फरार' हा शब्द तर कर्तेपण नाहीशा झालेल्या माणसावरच लादतो.

परभणीचा संगणक अभियंता ख्वाजा युनूस याचे प्रकरण या दृष्टीने पाहावे. २ डिसेंबर २००२ च्या घाटकोपर बॉम्बस्फोटाच्या तपासात त्याला अटक झाली. जानेवारी २००३ मध्ये औरंगाबादकडे नेत असताना पारनेरजवळ वाहनाला अपघात झाला व तो पळून गेला, असे पोलिसांनी सांगितले. त्याला कोठडीत मारहाण होताना पाहिल्याचे एका सहआरोपीने न्यायालयात सांगितले. पुढे मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने गुन्हे अन्वेषण विभागाने तपास केला आणि त्यात पलायनाची कथा टिकली नाही. चौदा पोलिसांवर ठपका आला, परंतु शासनाने खटल्यास मंजुरी दिली ती चौघांपुरती. स्फोटखटल्यातील आरोपी २००५ मध्ये निर्दोष सुटले. २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने युनूसची आई आसिया बेगम यांना भरपाई देण्याचा आदेश दिला. मृतदेह मात्र कधीच मिळाला नाही.

केरळमधील राजन प्रकरणाशी याची तुलना उद्बोधक ठरते. आणीबाणीत, १ मार्च १९७६ रोजी, कालिकतच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील या विद्यार्थ्याला पोलिसांनी नेले. त्याचे वडील, हिंदीचे प्राध्यापक टी. व्ही. ईच्चर वारियर, यांनी १९७७ मध्ये उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस अर्ज केला. तेव्हा शासनाची भूमिका 'अटकच झाली नव्हती' अशी होती. त्या प्रकरणात मुख्यमंत्री के. करुणाकरन यांना पद सोडावे लागले. येथे 'तो आमच्याकडे आलाच नाही' आणि तेथे 'तो आमच्याकडून निघून गेला', असे हे नाकाराचे दोन प्रकार होत. वारियर यांनी पुढे आठवणींचे पुस्तक लिहिले. युनूसची कथा प्रामुख्याने अर्ज, साक्ष आणि आदेश यांतून आपल्यापर्यंत येते.

म्हणूनच अशा अर्जांना केवळ कायदेशीर कागद मानणे अपुरे ठरेल. २००६ चा करार नातलगांनाही पीडित मानतो आणि सत्य जाणण्याचा त्यांचा हक्क मान्य करतो. न्यायाची मागणी म्हणजे, एका अर्थी, वाक्यातला वगळलेला कर्ता परत मागणे होय. आसिया बेगम यांच्या अर्जाचे मोल भरपाईच्या रकमेत नसून 'फरार' हा शब्द त्यांनी आपल्या मुलाच्या नावापुढे राहू दिला नाही, यात आहे.