रिपोर्ट नॉर्मल, तरी मान-पाठ दुखतेय? दुखणं खरं आहे, पण नुसती गोळी पुरणार नाही!

महिनाअखेर, टार्गेट, कर्जाचा हप्ता, मुलांच्या परीक्षा, घरातलं आजारपण... अशा दिवसांत मान आखडते, खांदे जड होतात, संध्याकाळी डोक्याभोवती कोणी पट्टा आवळल्यासारखं वाटतं. एक्स-रे काढला, रक्त तपासलं, सगळं नॉर्मल! मग डॉक्टर म्हणतात, "टेन्शन घेऊ नका" आणि घरचे म्हणतात, "काही झालेलं नाही तुला, उगाच मनाला लावून घेतेस."

इथेच गडबड होते. मोडलेलं हाड एक्स-रेमध्ये दिसतं, दिवसभर आवळून धरलेला स्नायू दिसत नाही. दुखणं मात्र दोन्हीचं खरंच असतं.

शरीरात नेमकं काय होतं?

समजा, अंगावर कुत्रा धावून आला. क्षणात ॲड्रिनलिन वाढतं, छाती धडधडते, श्वास उथळ होतो आणि स्नायू ताठ होतात. शरीर लढायला किंवा पळायला तयार झालेलं असतं. कुत्रा गेला की थोड्या वेळात सगळं पूर्ववत होतं.

पण कर्जाच्या हप्त्याशी लढताही येत नाही आणि त्याच्यापासून पळताही येत नाही! शरीर तयारीतच अडकून राहतं. खांदे नकळत कानांकडे ओढलेले राहतात, दातांवर दात घट्ट बसतात. तासन् तास आकसलेले हे स्नायू शेवटी ठणकायला लागतात.

दुसरी गोष्ट मेंदूची. १९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या शास्त्रज्ञांनी 'गेट कंट्रोल' सिद्धांत मांडला. वेदनेचा निरोप मेंदूकडे जाताना मज्जारज्जूत जणू एक दार लागतं आणि ते किती उघडायचं यात मेंदूचाही हात असतो, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या संशोधनात तपशील बदलले, पण मेंदू वेदना कमी-जास्त करू शकतो हे आज मान्य आहे. काळजी आणि अपुरी झोप वेदना वाढवतात, निवांतपणा ती कमी करतो. म्हणून रविवारी विसरलेली पाठदुखी सोमवारी सकाळी हजर होते!

मग गोळी घेतली तर काय बिघडलं?

कधीतरी घेतली तर फारसं काही नाही. पण साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ किंवा त्याहून जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक काळ चाललं, तर त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखू लागू शकतं. काही गोळ्यांच्या बाबतीत ही मर्यादा १० दिवसांचीच आहे. शिवाय पोट आणि मूत्रपिंडाला त्रास होऊ शकतो तो वेगळाच.

दुखण्याला श्वास, स्नायू, झोप आणि मन अशा बाजू असतील, तर उपायही सगळ्या बाजूंनी हवा. यालाच समग्र उपचार म्हणतात.

घरी काय करता येईल?

१. श्वास लांबवा: चार अंक मोजत श्वास घ्या, सहा अंक मोजत सोडा. पाच मिनिटं पुरेत. श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात आणि शरीराला 'धोका टळला' असा निरोप जातो.

२. आवळा आणि सोडा: अमेरिकन डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी १९२९ च्या आपल्या पुस्तकात स्नायू क्रमाक्रमाने सैलावण्याची पद्धत मांडली. आज तिचा सोपा प्रकार शिकवला जातो. मूठ पाच सेकंद आवळा, मग पंधरा सेकंद पूर्ण सैल सोडा. मग खांदे, चेहरा, पोट, पाय. दुखऱ्या जागी जोर लावू नका. आपण कुठे ताण धरून बसतो, हे यातून कळू लागतं.

३. हालचाल थांबवू नका: दर अर्ध्या-पाऊण तासाने उठा, खांदे फिरवा. रोज चाला किंवा योगासनं करा. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं, तेव्हापासून तिथे योगाचे शरीरावरील परिणाम शास्त्रीय पद्धतीने तपासले जात आहेत. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी आधी व्यायाम, योग, ध्यान असे औषधाविना उपाय करून पाहावेत, अशी शिफारस केली.

४. झोप आणि शेक: झोपण्याची वेळ ठरवा, मोबाइल उशाशी नको. आखडलेल्या मानेला १५-२० मिनिटं कोमट शेक द्या. मधुमेहामुळे त्वचेला बधिरपणा असेल तर जपून, चटका कळत नाही.

५. बोला: कारण घरात, ऑफिसात किंवा पैशात असेल, तर नुसती मान चोळून ते जाणार नाही. मन मोकळं करायला कोणी नसेल, तर सरकारची 'टेली-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत आहे, मराठीतूनही.

हे 'टेन्शन' समजू नका!

छातीत दुखून हात किंवा जबड्यात कळ जाणं, घाम फुटणं, अचानक असह्य डोकेदुखी, तापासोबत मान ताठ होणं, हातापायातली ताकद जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, यांपैकी काहीही झालं तर लगेच दवाखाना गाठा. वजन विनाकारण घटत असेल किंवा दुखणं रात्री झोपेतून उठवत असेल, तरी तपासणी टाळू नका. समग्र उपचारात डॉक्टरही येतातच.

आणि घरात कोणी "रोज मान दुखते" म्हणालं, तर गोळीचं पाकीट पुढे करण्याआधी एवढंच विचारा, "सध्या कसला ताण आहे का?" कदाचित त्यांना हे आजवर कोणी विचारलंच नसेल.