पाटीविना दान

गेल्या महिन्यात आमच्या न्यासाच्या बैठकीत एक ठराव पंधरा मिनिटांत मंजूर झाला. एका रुग्णालयाच्या नव्या दर्शनी दालनासाठी बारा लाख रुपये आणि दाराशी संगमरवरी पाटी. दुसरा अर्ज होता कॅन्सरच्या रुग्णांचा पाच वर्षं पाठपुरावा करण्यासाठी वर्षाला दोन लाखांचा. त्यावर ‘पुढे पाहू’ असा शेरा पडला. मी अठ्ठावीस वर्षं कार्यवाह होतो, त्या शेऱ्याचा अर्थ मला ठाऊक आहे. त्याच रात्री राजीनामा लिहिला.

यंदा २८ फेब्रुवारीला परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाला ८५ वर्षं पूर्ण झाली. ते दानातून उभं राहिलं, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याआधीचं दान मात्र फारसं कुणाच्या लक्षात नाही. लेडी मेहरबाई टाटा १९३१ मध्ये ल्युकेमियाने गेल्या. पुढच्या वर्षी, स्वतःच्या मृत्यूच्या काही आठवडे आधी, सर दोराबजींनी पत्नीच्या नावाने न्यास केला, तो ल्युकेमियावरच्या संशोधनासाठी. रुग्णालय उघडलं १९४१ मध्ये. पैसा आधी प्रश्नाला मिळाला, इमारतीला नंतर.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. १९५२ मध्ये डॉ. खानोलकरांच्या नेतृत्वाखाली संशोधन केंद्र उभं राहिलं. रुग्णालय १९५७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेलं. १९६६ मध्ये दोन्ही संस्था एक झाल्या. त्यानंतरची काही दशकं मी फक्त वाचून जाणतो, म्हणून ती सोडतो.

मी जगलो तो काळ २००४ ते २०१४ चा. न्यासातर्फे मी दर शनिवारी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जात असे. गालात किंवा जिभेवर गाठ घेऊन आलेली माणसं, बहुतेक तंबाखू खाणारी. औषधाचं बिल, परतीचं तिकीट, एवढीच आमची मदत. त्याच वर्षांत परळला या रुग्णांसाठी एक साधा प्रश्न विचारला जात होता. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीच्या टप्प्यात असेल, तर गाठ काढतानाच मानेतल्या लसग्रंथीही काढाव्यात, की त्या सुजेपर्यंत थांबावं? जगभरचे सर्जन यावर कित्येक दशकं दोन बाजूंना उभे होते. डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा वर्षांत ५९६ रुग्ण या अभ्यासात घेतले. २०१५ मध्ये निकाल जाहीर झाला: आधीच ग्रंथी काढलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते, थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के. म्हणजे आठ जणांमागे एक जीव जास्त वाचला. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. फक्त सुरी कधी चालवायची, हे नक्की झालं.

असं उत्तर मिळायला काय लागतं, हे बाहेरून दिसत नाही. रुग्ण घरी गेला की अभ्यासाचं खरं काम सुरू होतं. तो तपासणीला आला नाही तर फोन करायचा, नंबर बदललेला असेल तर पत्र लिहायचं, गाडीभाडं नसेल तर त्याची सोय करायची, आणि प्रत्येक नोंद केसपेपरशी ताडून पाहायची. ही कामं कंत्राटावरची तरुण मुलं-मुली करतात, आणि प्रकल्पाचा पैसा संपला की घरी जातात. नव्या माणसाला त्या नोंदी समजेपर्यंत वर्ष जातं. सुटलेला एकेक रुग्ण म्हणजे उत्तराला पडलेलं भोक.

या माणसांच्या पगारासाठी मी त्या काळात तीनदा प्रस्ताव मांडला. तीनही वेळा आमच्या एका ज्येष्ठ विश्वस्तांनी तो एकाच वाक्यात उडवला, “पेशंटला औषध द्या, कागदाला पैसे कशाला?” तेव्हा मी गप्प बसलो. आज उत्तर देतो. औषध द्यायचं की नाही, किती द्यायचं, कधी द्यायचं, हे ज्यावर लिहिलेलं असतं तोच तो कागद.

दुसरा हिशेब सरकारशी आहे. २०१० च्या अर्थसंकल्पाने मान्यताप्राप्त संशोधन संस्थेला दिलेल्या देणगीवर १७५ टक्के करवजावट दिली. २०१७ पासून ती १५० टक्के झाली, २०२० पासून १०० टक्के. २०२३ पासून न मागता लागू होणाऱ्या नव्या करपद्धतीत तीही मिळत नाही. या सवलतीआड खोट्या पावत्यांचा धंदा झाला, हे खरं. पण चोर पकडायचे सोडून दारच बंद केलं. आमचे निम्मे देणगीदार तेव्हा गळाले. त्यांचं दान मुळात किती खरं होतं, हेही तेव्हाच कळलं.

इथलं दान पुरलं नाही, की पैसा बाहेरून आणावा लागतो. मुंबईतल्या झोपडपट्ट्यांतल्या सुमारे दीड लाख स्त्रियांवर टाटाच्या डॉक्टरांनी १९९८ पासून एक अभ्यास केला. थोडं प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगर लावून गर्भाशयमुख तपासत. तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. बाया आपल्या, डॉक्टर आपले, आणि पैसा अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेचा. या शहरात धनिकांची वाण नव्हती. हे शल्य मला अजून टोचतं.

परक्या पैशावर विसंबता येत नाही, आणि कंपन्यांवर तर नाहीच. निवोलुमॅब हे महागडं औषध नेहमीच्या २४० मिलिग्रॅमऐवजी फक्त २० मिलिग्रॅम दिलं तर चालेल का, हे टाटाच्या डॉक्टरांनी डोक्या-मानेचा कॅन्सर बळावलेल्या १५१ रुग्णांवर तपासलं. केमोथेरपीच्या गोळ्यांना ही छोटी मात्रा जोडल्यावर वर्षभर जगणारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. आपलं औषध बाराव्या हिश्शात भागतं का, हा प्रश्न कोणती कंपनी स्वतःच्या खर्चाने विचारेल? ज्या उत्तरातून कुणालाच नफा नाही, ते उत्तर दानाच्याच पैशाने मिळतं. सरकार रुग्णालय चालवतं, पगार देतं, पण अनुदान ठरावीक मुदतीचं असतं आणि रुग्णाचं आयुष्य त्या मुदतीत बसत नाही.

म्हणून वाचकांना एक विनंती. आई-वडिलांच्या स्मरणार्थ काही द्यायचं मनात असेल, तर जवळच्या सरकारी, पालिकेच्या किंवा धर्मादाय रुग्णालयाच्या संशोधन विभागात जा. कोणता अभ्यास पैशाअभावी अडला आहे, ते विचारा. एकदम मोठी रक्कम जमत नसेल तर थोडीच द्या, पण दहा वर्षं दरसाल द्या. दर वर्षी हिशेब मागा. पाटी मागू नका.

दोराबजींनी १९३२ मध्ये केलेला तो न्यास आजही ल्युकेमियाच्या संशोधनाला पैसा देतो.