जुनी देणी आणि हातातली एकच रक्कम

निवृत्तीनंतर ग्रॅच्युइटी मिळते, गावाकडचा एखादा गुंठा विकला जातो, भिशी लागते, आणि कित्येक वर्षांनी घरात एकदम काही रक्कम येते. त्या रात्री वहीच्या मागच्या पानावर देण्यांची यादी होते आणि बहुतेक घरांत एकाच तोडग्यावर सगळ्यांचं एकमत होतं: थोडं थोडं सगळ्यांनाच देऊन टाकू, म्हणजे कुणाचं तोंड वाकडं व्हायला नको. यामागची भावना चांगली आहे. पण जुन्या देण्यांबाबतचा सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज हाच आहे, आणि बाकीचे बरेच गैरसमज त्याच्याच आधारावर उभे राहतात. मर्यादित रकमेची ताकद ती अखंड असते तोवरच टिकते. तिचे तुकडे केले की प्रत्येक देणं थोडं कमी होतं, पण एकही संपत नाही.

आकडे मांडून पाहू. समजा हातात 1,50,000 रुपये आहेत आणि देणी 3,50,000 ची: क्रेडिट कार्डाचे 90,000, सोनेतारणाचे 60,000, पतसंस्थेची थकबाकी 1,40,000 आणि मेव्हण्याकडून घेतलेले हातउसने 60,000. चौघांना सारखे वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला 37,500 येतात. कार्डावर 52,500 उरतात. महिना साडेतीन टक्के व्याज आणि त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी धरला, तर पहिल्याच महिन्यात 2,168 रुपये चढतात, आणि पुढे काहीच भरता आलं नाही तर साधारण चौदा महिन्यांत आकडा पुन्हा 90,000 वर पोहोचतो. सोनेतारणाचे 22,500 बाकी राहतात. कर्ज अर्ध्याहून जास्त फिटलेलं असलं तरी पाटल्या सावकाराच्या किंवा बँकेच्या तिजोरीतच राहतात, कारण अर्ध्या फिटलेल्या कर्जावर अर्धा दागिना सुटत नाही. पतसंस्थेच्या कर्जाला राहिलेला जामीनदार होता तिथेच अडकून राहतो. दीड लाख खर्च होतात आणि यादीतलं एकही नाव खोडता येत नाही.

तीच रक्कम न वाटता वापरली तर चित्र बदलतं. आधी 60,000 भरून दागिने सोडवावेत. दागिन्यांची किंमत कर्जापेक्षा जास्तच असते आणि लिलाव झाला तर ती वस्तू कायमची जाते. लिलावातून कर्ज वळतं करून उरलेले पैसे कर्जदाराला परत द्यावे लागतात हे खरं, पण आजीच्या पाटल्या त्या पैशांनी परत येत नाहीत. उरलेल्या 90,000 मध्ये कार्डाचं खातं पूर्ण बंद होतं. या खात्यावर व्याज आणि कर मिळून महिन्याला 3,717 रुपये चढत होते, ते थांबतात. तेवढीच रक्कम दरमहा पतसंस्थेत हप्ता म्हणून भरता येते. मात्र जामीनदाराच्या पगारातून कपात सुरू झाली असेल, तर माझ्या मते 90,000 आधी पतसंस्थेकडे एकरकमी तडजोडीसाठी न्यावेत आणि कार्डाला थांबवावं. आपल्या शब्दावर ज्यानं सही केली, त्याच्या घरची चूल आपल्या व्याजाच्या हिशेबाआधी येते.

दुसरा पक्का समज म्हणजे तीन वर्षं गप्प बसलं की कर्ज संपतं. 1963 च्या मुदत कायद्यानुसार विनातारण कर्जाच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, इतकंच खरं. ती उलटली की न्यायालयाचा दरवाजा बंद होतो, देणं मात्र राहतं. पत-अहवालातली नोंदही राहते. गहाण स्थावर मालमत्तेसाठी मुदत बारा वर्षांची आहे. महाराष्ट्रातल्या पतसंस्थांचं गणित तर वेगळंच आहे: सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 92 नुसार सभासदाकडच्या येण्याची मुदत त्याचा मृत्यू झाल्यापासून किंवा त्याचं सभासदत्व संपल्यापासून मोजली जाते. म्हणजे सभासद असेपर्यंत हे घड्याळ चालूच होत नाही. शिवाय कलम 101 खाली निबंधकाकडून वसुली दाखला मिळाला की ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. पतसंस्थेचं कर्ज गावातलं, ओळखीतलं, म्हणून ते सौम्य असेल असं मानणं धोक्याचं आहे.

थोडं थोडं देण्याचा तोटा याच मुदतीच्या कायद्यात सर्वांत स्पष्ट दिसतो. मुदत संपण्याआधी स्वतःच्या अक्षरातल्या किंवा सहीच्या नोंदीसह काही रक्कम भरली, किंवा देणं मान्य असल्याचं लिहून दिलं, तर तीन वर्षांची मोजणी त्या दिवसापासून नव्यानं सुरू होते. मुदत संपल्यानंतर नुसती रक्कम भरल्यानं ती जिवंत होत नाही. पण ‘मी हे देणं फेडीन’ असं सही करून लिहून दिलं, तर करार कायद्याच्या कलम 25 प्रमाणे तो नवा करार ठरतो. वसुलीवाला दोन हजार रुपये आणि एक साधी सही मागतो, तेव्हा त्याला दोन हजारांपेक्षा सही जास्त मोलाची असू शकते. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. एकाच सावकाराची दोन-तीन देणी असतील आणि आपण पैसे देताना ते कोणत्या खात्यात धरायचे हे सांगितलं नाही, तर त्याला ते हव्या त्या देण्यात, अगदी मुदतबाह्य झालेल्या देण्यातही, धरता येतात. करार कायद्याच्या कलम 59 आणि 60 यांचा हाच आशय आहे. म्हणून पैसे पाठवताना खातेक्रमांक आणि कारण लिहून पाठवणं हा आपला हक्क आहे, आणि तो वापरावा.

आता एक मोठा आक्षेप. कमी पैशांत तडजोड करणं म्हणजे बुडवणंच की, असं सज्जन माणसाला मनापासून वाटतं. ज्याच्याकडे पूर्ण रक्कम आहे त्यानं पूर्णच द्यावी, यात मला शंका नाही. पण ज्याच्याकडे ती नाही आणि येण्याची चिन्हंही नाहीत, त्याच्यासाठी भारतीय करार कायद्यानं 1872 सालीच वाट करून ठेवली आहे. कलम 63 प्रमाणे धनको आपल्या खुशीनं कमी रक्कम पूर्ण फेड म्हणून स्वीकारू शकतो, आणि मग बाकीवर त्याचा हक्क उरत नाही. जुन्या इंग्रजी न्यायतत्त्वात कमी रकमेनं पूर्ण देणं फिटत नसे. आपल्या कायद्यानं ते तत्त्व जाणूनबुजून बाजूला ठेवलं. जून 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेनंही तडजोडीसाठी सर्व बँकांना आणि वित्तसंस्थांना चौकट आखून दिली. बँक हिशेब करून, मंजुरी घेऊन, आज हातात येणारी रक्कम उद्याच्या अनिश्चित वसुलीपेक्षा बरी असं ठरवते. यात फसवणूक कुठेच नाही. मात्र तिची किंमत लपवू नये. पत-अहवालात ‘क्लोज्ड’ ऐवजी ‘सेटल्ड’ असा शेरा येतो, तो वर्षानुवर्षं राहतो, आणि तीच बँक शेती सोडून इतर कर्जांसाठी किमान बारा महिने नवं कर्ज देत नाही. लवकरच घरासाठी कर्ज काढायचं असेल तर लहान खातं पूर्ण भरून बंद करणं आणि तडजोडीचा शेरा एकाच मोठ्या खात्यावर घेणं बरं.

याच्याच जोडीला एक समज असतो: बँकेनं खातं ‘राइट ऑफ’ केलं, म्हणजे माफ केलं. निर्लेखन ही बँकेच्या स्वतःच्या ताळेबंदातली नोंद आहे. कर्जदाराची जबाबदारी तशीच राहते आणि वसुलीही चालू राहते. वडिलांचं कर्ज मुलानं आपल्या कमाईतून फेडायलाच हवं, हा समजही तितकाच खोलवर रुजलेला आहे. वारसाची जबाबदारी त्याच्या हाती आलेल्या वारशापुरती असते. पुत्रधर्म म्हणून कर्ज अंगावर पडण्याचं जुनं हिंदू तत्त्व 2005 च्या दुरुस्तीनं, 9 सप्टेंबर 2005 नंतरच्या कर्जांपुरतं, संपलं आहे. स्वतः जामीनदार किंवा सहकर्जदार म्हणून सही केली असेल तर गोष्ट वेगळी.

मेव्हण्याचं काय, हा प्रश्न उरतोच, आणि माझ्या युक्तिवादावरचा सगळ्यांत वजनदार आक्षेप तोच आहे: ज्यानं व्याज न लावता, कागद न मागता पैसे दिले, त्यालाच शेवटी बसवायचं का? त्याला स्वतःलाच आज गरज असेल, घरात दवाखाना चालू असेल, तर त्याचं नाव यादीत सर्वांत वर हवं, कायदा काहीही म्हणो. तशी निकड नसेल, तर हातउसन्याचा एक गुण लक्षात घ्यावा. तिथे व्याज चढत नाही, म्हणून दिलेला प्रत्येक रुपया मुदलातूनच वजा होतो. हप्त्यानं फेडायला याहून योग्य देणं नाही. एकरकमी पैसा व्याजाच्या देण्याला आणि दरमहाचा हप्ता बिनव्याजी देण्याला, अशी विभागणी मेव्हण्याला समोर बसून, तारखा लिहून सांगितली, तर ‘देतो देतो’ म्हणत वर्षं काढण्यापेक्षा त्यात त्याचा मान जास्त राहतो.

राहिला कागदाचा मुद्दा. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकरी सावकारांवर उठले, तेव्हा त्यांचा रोख पैशापेक्षा कर्जखतांवर होता; ती हिसकावून जाळली गेली. हिशेब एकाच बाजूच्या पेटीत असायचा आणि फेडलेलंही पुन्हा मागितलं जायचं. 1879 च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्यानं म्हणूनच ऋणकोला पावती आणि खात्याचा उतारा मागण्याचा हक्क दिला. आज बँकेच्या प्रतिनिधीनं फोनवर दिलेला शब्द त्याच जागी आहे. तडजोडीचं पत्र संस्थेच्या नावानिशी, खातेक्रमांक, रक्कम, शेवटची तारीख आणि ‘पूर्ण व अंतिम फेड’ हे शब्द असलेलं हातात आल्याशिवाय एक रुपयाही हलवू नये. जामीनदार मोकळा झाल्याचं त्याच पत्रात लिहून घ्यावं. पैसे बँकेतूनच पाठवावेत. बँक सोडून इतरांकडून घेतलेल्या वीस हजार किंवा त्याहून मोठ्या कर्जाची रोखीनं परतफेड प्राप्तिकर कायद्याला चालत नाही, आणि रोखीचा पुरावाही राहत नाही. मग बेबाकी दाखला घ्यावा. पत-अहवालातली चूक दुरुस्त करायला अर्ज केल्यावर तीस दिवसांत काम झालं नाही, तर दर दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे. आणि कर्ज घेताना सही करून दिलेले कोरे चेक मोजून परत घ्यावेत. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं आहे की स्वखुशीनं सही करून दिलेला कोरा चेक दुसऱ्यानं भरला तरी तो देण्यापोटीच दिला होता असं कायदा गृहीत धरतो, आणि तसं नव्हतं हे सिद्ध करण्याचा भार सही करणाऱ्यावर येतो. त्या वेळच्या चेकबुकाची स्थळप्रत घरात कुठेतरी असतेच; कोणते क्रमांक कुणाला दिले ते तिच्यावरून पाहून, त्या क्रमांकांसकट चेक परत देण्याचं कलम तडजोडीच्या पत्रात घालून घ्यावं.