बकऱ्याच्या दातापासून प्रयोगशाळेपर्यंत

दहावीचा निकाल लागला की आपल्या घरांत दोनच प्रश्न विचारले जातात. मार्क चांगले असतील तर, "डॉक्टर होणार ना?" कमी असतील तर, "कधीपासून दुकानावर बसतोस?" या दोन प्रश्नांच्या मध्ये एक मोठी वाट आहे आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. ती वाट म्हणजे जनावरांच्या संशोधनाची.

प्राण्यांचा अभ्यास म्हटले की आपल्याला अभिमानाने सलीम अलींचे नाव आठवते. ते पक्ष्यांचे अभ्यासक होते. पण शेळी, मेंढी, म्हैस, कोंबडी यांचाही तितकाच गंभीर अभ्यास होतो, याची कल्पना नववी-दहावीच्या मुलांना नसते. खरे तर आपल्या कितीतरी घरांत या विद्येचा पाया आधीच घातलेला असतो. कोणाचे अब्बा बकऱ्यांचा व्यापार करतात, कोणाच्या मामूंचा दुधाचा धंदा आहे, कोणाच्या दादीने अंगणात कोंबड्या पाळल्या आहेत. बकरी ईदच्या आधी बाजारात गेलेला बारा वर्षांचा मुलगाही बकऱ्याचे तोंड उघडून "दोन दाती आहे" असे सांगतो.

मग वर्गात मी विचारतो, दोन दाती म्हणजे नक्की काय? शेळीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. खाली आठ असतात. ते आधी दुधाचे असतात. साधारण एक ते सव्वा वर्षाच्या सुमारास मधले दोन पडून त्या जागी मोठे, रुंद दात येतात. पुढे दुसरी जोडी, मग तिसरी, मग चौथी. दातांवरून वय ओळखणे हा पशुविज्ञानातला धडाच आहे. आपल्या मुलांना तो बाजाराने शिकवला, फक्त त्याला विज्ञान म्हणतात हे कोणी सांगितले नाही.

गेली काही वर्षे मी नववीच्या मुलांकडून एक उपक्रम करून घेतो. ईदच्या आधी गल्लीत बकरे आलेले असतात. मुलांनी शिंप्याची टेप घ्यायची. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर मोजायचा, खांद्यापासून मागच्या हाडापर्यंत लांबी मोजायची, दोन्ही इंचांत. घेराला घेराने गुणायचे, त्याला लांबीने गुणायचे आणि आलेल्या संख्येला ६६० ने भागायचे. उत्तर म्हणजे किलोमधले अंदाजे वजन. घेर २८ इंच आणि लांबी २६ इंच असेल तर वजन जवळपास ३१ किलो येते. वहीत तीन रकाने करायचे: जाणत्या माणसाचा नजरेचा अंदाज, टेपचे उत्तर आणि काट्यावरचे खरे वजन.

यातून वाद सुरू होतात आणि मला तेच हवे असते. टेपचे उत्तर काही बकऱ्यांत का चुकले? नुकतेच पाणी प्यायला होता का? केस दाट होते का? जात वेगळी होती का? उस्मानाबादी आणि संगमनेरी यांची ठेवण सारखी नसते. एक प्रश्न धरायचा, मोजायचे, ताडून पाहायचे आणि जे आले ते लिहून ठेवायचे. संशोधन याहून वेगळे काही नसते. ते फक्त अधिक काळजीने आणि अधिक वर्षे केलेले असते.

त्याचा एक उत्तम नमुना आपल्याच राज्यात आहे. सातारा जिल्ह्यातील फलटण येथे निंबकर कृषी संशोधन संस्था आहे. आपली दख्खनी मेंढी बहुधा एका वेताला एकच कोकरू देते. बंगालच्या सुंदरबनात गारोल नावाची अगदी लहान चणीची मेंढी आहे. तिला दोन-तीन कोकरे सहज होतात, कारण तिच्यात एक विशिष्ट जनुक आहे. फलटणच्या संशोधकांनी गारोल आणि दख्खनी यांचा संकर करून ते जनुक दख्खनीत आणले आणि प्रत्येक पिढीत ते कोणात उतरले हे रक्ताच्या तपासणीतून पाहिले. त्यासाठी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची मदत झाली. त्यातून 'नारी सुवर्णा' मेंढी तयार झाली. दोन कोकरांना आईचे दूध पुरते का, धनगरांच्या कळपात ती जगतात का, हेही वर्षानुवर्षे तपासावे लागले. प्रयोगशाळेतला माणूस आणि कळपामागे चालणारा माणूस, दोघांच्या नोंदी यात लागल्या.

रोगांच्या बाबतीतही असेच आहे. १८८९ साली पुण्यात जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी एक सरकारी प्रयोगशाळा सुरू झाली. १८९३ मध्ये ती हिमालयातील मुक्तेश्वरला हलवली गेली. तिचीच पुढे भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था झाली. तिचे मुख्य ठिकाण आज बरेलीजवळ इज्जतनगरला आहे. गुरांच्या कळपांचे कळप संपवणारा बुळकांडी रोग लसीकरणाने हटला. २००६ मध्ये भारत आणि २०११ मध्ये सारे जग त्यातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. शेळ्यामेंढ्यांच्या पीपीआर रोगावरची लसही याच संस्थेत तयार झाली. २०२२ मध्ये लम्पीची साथ आली तेव्हा हिसारच्या अश्व संशोधन केंद्राने या संस्थेच्या सहकार्याने देशी लस विकसित केली. चार शेळ्यांवर घर चालवणाऱ्या विधवा बाईसाठी लसीची एक बाटली काय असते, हे वेगळे सांगायला नको.

आता वाट कशी? पहिली वाट पशुवैद्यकाची. बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र घ्यायचे आणि नीट द्यायची. पदवी इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांची असते. नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाची महाविद्यालये नागपूर, मुंबई, परभणी, शिरवळ, उदगीर येथे आहेत. मुंबईचे महाविद्यालय तर १८८६ पासूनचे. पदवीनंतर एम.व्ही.एस्सी. आणि पीएच.डी. केली की संशोधक होता येते.

दुसरी वाट नीट न देणाऱ्यांची. बी.एस्सी. प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा बायोटेक्नॉलॉजी, मग एम.एस्सी. आणि राष्ट्रीय पात्रता परीक्षा. त्यात संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासूनच्या दराने महिन्याला ३७,००० रुपये मिळतात. "शिकत राहिला तर कमावणार कधी?" असे विचारणाऱ्या अब्बांना हा आकडा जरूर सांगा.

पालक आणखी दोन प्रश्न हळू आवाजात विचारतात. पहिला, अभ्यासक्रमात डुक्कर आहे का? आहे. पशुवैद्यकाला सर्वच पाळीव जनावरांचा अभ्यास करावा लागतो, हे प्रवेशाआधीच माहीत असावे. हातमोजे आणि स्वच्छता हा तिथल्या शिस्तीचाच भाग आहे. मनात मसला असेल तर जाणत्या आलिमांना विचारा, पण ऐकीव गोष्टीवर मुलाची वाट बंद करू नका. दुसरा प्रश्न मुलींचा. मोठी जनावरे मुलीला कशी आवरणार? संशोधनाचे पुष्कळसे काम सूक्ष्मदर्शक, रक्ताचे नमुने आणि नोंदवही यांच्यासोबत चालते. गोठ्यातही ताकदीपेक्षा जनावराची सवय अधिक उपयोगी पडते. घरची बकरी व्यायली तेव्हा रात्रभर जागलेली मुलगी कोणत्या घरात नाही?

ही वाट सोपी आहे असे मी म्हणणार नाही. दहा-बारा वर्षे शिकावे लागते. शेणात उभे राहावे लागते, मेलेले जनावर उघडून कारण शोधावे लागते. प्रयोगासाठी जनावर वापरायचे तर नैतिक समितीची परवानगी लागते आणि त्याच्या वेदनेचा हिशेब द्यावा लागतो. ज्या मुलाला मुक्या जिवाची कीव नाही त्याने इकडे येऊ नये.

मला अधिक काळजी वाटते ती दुसऱ्याच मुलांची. वर्गात वडिलांचा धंदा सांगताना मान खाली घालणारी, "बकऱ्यांचा" हा शब्द तोंडात गिळणारी मुले. त्यांच्याजवळ जे ज्ञान आहे ते शहरातल्या हुशार मुलाला पुस्तकातून मिळवावे लागेल. त्यांना लाज नको, वही हवी.

तेव्हा या महिन्यात एवढेच करा. घरात जनावर असेल तर मुलाला किंवा मुलीला एक वही द्या. तारीख, चारा, वजन, आजार, वेत, सारे लिहू द्या. गावातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लसीकरणाच्या दिवशी घेऊन जा आणि डॉक्टरांना प्रश्न विचारू द्या. आणि निकालाच्या दिवशी तो तिसरा प्रश्नही विचारा: "बेटा, तुला जनावरांविषयी काय शोधून काढावेसे वाटते?"