राखणीची बंदूक अन् बंदोबस्ताची बंदूक

मक्याच्या कणसात दाणा भरायला लागला, की कन्नड-सिल्लोडकडच्या शेतकऱ्याची झोप उडते. दिवसभर रानात काम करायचं आणि रात्री त्याच रानात जागल करायची. गौताळ्याच्या डोंगरातून रानडुकरं खाली उतरतात. इकडं वैजापूर-गंगापूरच्या माळावर काळविटांचे कळप आणि रोही. डुक्कर खातं थोडं अन् लोळतं जास्त, त्यामुळं सकाळी जाऊन पाहावं तर अर्धा एकर मका भुईला टेकलेला. बुजगावणं झालं, जुन्या साड्यांचं कुंपण झालं, गोफण झाली, डबे बडवून झाले, फटाके झाले. आता झटका मशीन अन् भोंगे आले आहेत. डुक्कर भोंग्याला आठवडाभर भितं. नंतर भोंग्याच्या खुंट्यापाशीच उकरायला लागतं.

वाचकहो, अशा दिवसांत कुठल्याही गावाच्या पारावर बसा, एक विषय हमखास निघतो. सरकार आम्हाला बंदूक का देत नाही? कुणी म्हणतं, बंदूक पुढाऱ्याच्या पोरालाच मिळते. कुणी म्हणतं, आपल्या आज्याकडं ठासणीची होती, ती ठाण्यात जमा केली ती परत आलीच नाही. या गप्पांत राग खरा असतो, पण माहिती अर्धवट असते. म्हणून आज जरा नीट बसून बघू.

आपल्या देशात बंदूक बाळगणं हा हक्क नाही, परवानगी आहे. अमेरिकेत तो राज्यघटनेतला हक्क मानतात, आणि त्याची किंमत तिथल्या शाळाशाळांतून मोजली जाते. आपल्याकडं इंग्रजांनी १८७८ साली हत्यारांचा कायदा केला. त्यात हिंदी माणसाला परवान्याची सक्ती आणि गोऱ्याला सूट. हा सल इतका खोल होता, की १९३० च्या जानेवारीत गांधीजींनी व्हाइसरॉयपुढं ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांत मिठाचा कर रद्द करा या मागणीबरोबर स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने द्या, अशीही एक मागणी होती. होय, गांधीजींनीच! अर्थात त्यावर लोकांचं नियंत्रण असावं, असंही त्यांनी सोबत म्हटलं होतं. आपला मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत इथल्या खेड्यांनी रझाकारांच्या बंदुका बघितल्या. त्यामुळं बंदूकवाला म्हटलं, की आपल्या जुन्या माणसांच्या मनात आदर नसतो, धसका असतो.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला आणि तोच आजही चालू आहे. या कायद्याच्या तेराव्या कलमात शेतकऱ्याच्या कामाची एक ओळ आहे, जी पारावर कुणाला ठाऊक नसते. खरोखर पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागितली, तर परवाना अधिकाऱ्यानं ती द्यायची आहे. ‘देता येईल’ असं नव्हे, ‘देईल’ असं. अर्थात अर्जदार नालायक ठरला किंवा सार्वजनिक शांततेला धोका दिसला, तर नाकारता येते. ठासणीच्या बंदुकीनं भागणार नाही असं अधिकाऱ्याला पटलं, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही देता येते. आपण जिला बारा बोअर म्हणतो, ती या जातीची.

ग्रामीण भागात अर्ज जिल्हाधिकाऱ्याकडं जातो, शहरात पोलीस आयुक्तांकडं. मग पोलिसांचा अहवाल. २०१६ च्या नियमांप्रमाणं बंदूक हाताळण्याचं प्रशिक्षणही घ्यावं लागतं. परवाना नाकारला तर कारण लेखी द्यावं लागतं, अपवाद फक्त सार्वजनिक हिताचा. जिल्हाधिकाऱ्याच्या नकारावर विभागीय आयुक्तांकडं अपील करता येतं. अपिलाची मुदत ३० दिवसांची. इथं आपला माणूस चुकतो. तोंडी ‘होत नाही’ ऐकून घरी येतो आणि वर्षभर शिव्या देत बसतो. अहो, आधी कागद तर मागा!

घरात आजोबाची जुनी परवान्याची बंदूक असेल, तर तेही समजून घ्या. परवानाधारक वारला, की बंदूक आपोआप पोराची होत नाही. ती जमा करून वारसानं स्वतःच्या नावानं परवाना मागायचा असतो. म्हातारा हयात असतानाही, त्याचं वय ७० झालं असेल किंवा बंदूक त्याच्याकडं २५ वर्षं असेल, तर वारसाच्या नावानं अर्ज करता येतो. ‘माळ्यावर पडलीय, कोण बघतंय’ म्हणून ठेवाल तर विनापरवाना हत्याराचा गुन्हा होतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला कमीत कमी दोन वर्षं शिक्षा आहे, जास्तीत जास्त पाच. त्याच दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतील असं ठरलं, आणि परवान्याची मुदत तीनची पाच वर्षं झाली. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणाऱ्यांसाठीही त्यात वेगळी शिक्षा घातली आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. नवरदेवाच्या मामांनी हे वाचून ठेवावं.

आता बंदूक मिळाली असं समजू. मारायचं काय? इथं दुसरा कायदा आडवा येतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीला बंदी आहे. रोही आणि रानडुक्कर पिकाची नासाडी करत असतील, तर वन खात्याच्या लेखी परवानगीनं त्यांना मारता येतं. राज्य सरकारनं २०१५ मध्ये त्यासाठी निर्णयही काढला. पण काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. पीक खाल्लं एवढ्या कारणानं त्याला हात लावता येत नाही, बंदूक परवान्याची असली तरी. आणि परवानगीनं मारलेलं डुक्करही तुमचं नव्हे, सरकारचं. म्हणजे शेतकऱ्याला दोन परवाने पाहिजेत, दोन खात्यांचे, आणि डुक्कर मात्र एकाच रात्री येतं. मग माणूस काय करतो? कुंपणात थेट वीज सोडतो. त्या तारेला कधी डुक्कर चिकटतं, कधी शेजाऱ्याचा बैल, कधी पहाटे पाणी धरायला आलेला घरचाच माणूस. बंदुकीपेक्षा ही तार जास्त वाईट, हे माझं स्पष्ट मत आहे. तारेला समोर कोण आहे ते दिसत नाही.

चोराचं काय, असंही कुणी विचारील. रात्री मोटार चोरायला आलेल्याला गोळी घालता येते का? नाही. मालमत्तेच्या बचावात जीव घेण्याची मुभा कायद्यानं फार थोड्या प्रसंगांत दिली आहे. जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला लावलेली आग, किंवा चोरी होताना स्वतःच्या जिवाची खरीखुरी भीती. विहिरीवरून केबल कापून पळणाऱ्याच्या पाठीत छर्रे घातले, तर खुनाच्या गुन्ह्यात तुम्ही आत जाल.

हे सगळं एवढं कडक असताना शेजारच्या बीडमध्ये काय दिसलं? मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा ९ डिसेंबर २०२४ रोजी खून झाला. त्यानंतर कमरेला पिस्तूल लावून फिरणाऱ्यांचे, हवेत बार काढणाऱ्यांचे व्हिडिओ बाहेर आले आणि जिल्ह्यात बाराशेच्या वर परवाने असल्याची चर्चा राज्यभर झाली. प्रशासनाला परवाने तपासून रद्द करत बसावं लागलं. एवढे परवाने काही डुकरांसाठी निघाले नव्हते. मक्याच्या राखणीला पिस्तूल कोण लावतं? ज्याला गरज त्याचा अर्ज टेबलावर पडून राहतो अन् ज्याला मिरवायचं त्याच्या कमरेला हत्यार येतं, ही पारावरची तक्रार अगदीच पोकळ नाही. त्याखेरीज गावठी कट्टे आहेतच. सातपुड्यातल्या उमर्टीकडून ते खाली येतात, आणि त्यांना परवाना बिरवाना काही लागत नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू. शेतकऱ्याच्या हातात बंदूक येवो न येवो, शेतकऱ्यासमोर ती बरेचदा आली आहे.

सुरेगाव हे नाव आपल्या मराठवाड्यात जुन्या शेतकरी कार्यकर्त्यांना सांगावं लागत नाही. आजच्या हिंगोली जिल्ह्यात, तेव्हाच्या परभणीत, १० डिसेंबर १९८६ रोजी कापसाच्या भावासाठी रस्त्यावर आलेल्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि तिघं गेले. त्याआधी ६ एप्रिल १९८१ रोजी निपाणीला तंबाखूच्या आंदोलनात गोळीबार होऊन बारा जण मेले. ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळात, पवना धरणाच्या बंद जलवाहिनीला विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांवर द्रुतगती मार्गावर गोळ्या चालल्या. तिघांचा जीव गेला, त्यात एक बाई होती. पैठणच्या पलीकडं, शेवगाव तालुक्यात १५ नोव्हेंबर २०१७ रोजी उसाच्या पहिल्या उचलीसाठी आंदोलन चाललं होतं. तिथं छर्रे चालले आणि दोन शेतकरी जखमी झाले. कापूस, तंबाखू, पाणी, ऊस. पीक बदलतं, गोष्ट तीच.

आणि १ सप्टेंबर २०२३. जालना जिल्ह्यातलं अंबड तालुक्यातलं अंतरवाली सराटी. मनोज जरांगे पाटील यांचं उपोषण चालू होतं. पोलिसांनी लाठीमार केला, अश्रुधुराच्या नळकांड्या फोडल्या. दगडफेकीत पोलीसही जखमी झाले, हे सांगितलंच पाहिजे. पण गावकऱ्यांनी अंगावरच्या छर्ऱ्यांच्या जखमा दाखवल्या, बायाबापड्यांची डोकी फुटलेली सगळ्या महाराष्ट्रानं पाहिली. तेव्हाचे गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तीनच दिवसांनी माफी मागितली आणि जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना सक्तीच्या रजेवर पाठवलं गेलं.

छर्रा म्हणजे सौम्य, असा एक समज आहे. ज्यानं राखणीच्या बंदुकीचा बार पाहिला आहे त्याला विचारा. छर्रा नळीतून निघाला की पसरतो. जेवढं अंतर जास्त तेवढा पसारा मोठा. ज्याच्यावर नेम धरला त्याला लागेलच असं नाही, पण शेजारी उभ्या पोराच्या डोळ्यात जाऊ शकतो. डुकरासाठी शेतकऱ्यानं असा बार काढला तर त्याला दोन खात्यांना जाब द्यावा लागतो. जमावावर काढला तर?

जमाव पांगवण्याचा हुकूम कोण देऊ शकतो, हे कायद्यात आहे. कार्यकारी दंडाधिकारी, ठाण्याचा अधिकारी, किंवा तो नसेल तर फौजदाराच्या हुद्द्याखालचा नसलेला पोलीस अधिकारी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं १४८ वं कलम ते सांगतं. गंमत पाहा, लष्कर बोलवावं लागलं तर कमीत कमी बळ वापरा, माणसाला अन् मालमत्तेला कमीत कमी इजा करा, असं पुढच्याच कलमात स्पष्ट लिहिलं आहे. पोलिसांच्या कलमात ते वाक्य नाही. ते पोलिसांच्या नियमपुस्तकांत अन् कोर्टाच्या निकालांत शोधावं लागतं. शिवाय अशा कारवाईबद्दल खटला भरायला सरकारची परवानगी लागते. म्हणून गोळीबारानंतर आयोग बसतो, अहवाल येतो, आणि शिक्षा मात्र क्वचितच होते. मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी दहा जण मारले गेले. त्यात राज्य राखीव दलाच्या फौजदाराला २००९ मध्ये जन्मठेप झाली, पण पुढं हायकोर्टात ती स्थगित झाली. एवढंही दुसरीकडं झालेलं सहसा दिसत नाही.

चकमकींसाठी सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये, आपल्याच महाराष्ट्राच्या खटल्यात, सोळा गोष्टी बांधून दिल्या. गुन्हा नोंदवा, तपास दुसऱ्या यंत्रणेकडं द्या, दंडाधिकाऱ्याची चौकशी करा, वापरलेली हत्यारं तपासणीसाठी जमा करा, लगेच बढती-बक्षीस देऊ नका. हे पाळलं नाही तर घरच्यांनी सत्र न्यायाधीशांकडं तक्रार करावी. नुसती गंभीर जखम झाली तरी हे लागू आहे. जमावावरच्या गोळीबारालाही इतकी बारीक चौकट घालून दिली, तर कुणाचं काय बिघडेल? शेतकऱ्याच्या एकेका काडतुसाचा हिशेब घेता, तसा बंदोबस्ताच्या प्रत्येक बाराचा हिशेबही गावापुढं यावा. किती बार निघाले, कुणाच्या हुकमानं, किती अंतरावरून.

तोवर आपल्या हातात आहे ते करा. आंदोलनात छर्रा किंवा गोळी लागली तर खाजगी दवाखान्यात गुपचूप पट्टी बांधून घरी येऊ नका. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात किंवा शहरात घाटीत जा, पोलीस प्रकरण म्हणून नोंद करून घ्या, एक्स-रे काढा, अंगातून काढलेला छर्रा कागदावर नोंदवायला लावा. फाटलेला सदरा धुऊ नका. जवळच्या वकिलाला दाखवा. आणि ज्यांच्याकडं परवान्याची बंदूक आहे त्यांनी निवडणूक लागली की ठाण्याची नोटीस वाचून बघावी. सरसकट सगळ्यांची हत्यारं जमा करायची नसतात, छाननी समितीनं ज्याचं त्याचं प्रकरण पाहून ठरवायचं असतं. जमा करायला सांगितलंच, तर पावती घ्या. त्या पावतीवर बंदुकीचा नंबर बरोबर आहे का, ते ठाण्याच्या पायरीवरच तपासा.